जिन्यातला लाल सिलिंडर वेळेला चालेल का?

आज ऐकता ऐकता एक काम करा. दार उघडा आणि जिन्यातला लाल सिलिंडर, म्हणजे फायर एक्स्टिंग्विशर, नीट बघा. मी परवा आमच्या मजल्यावरचा पाहिला, तर काटा लाल पट्ट्यात! म्हणजे आतला दाब गेलेला. रोज शेजारून जातो आपण, पण बघतं कोण?

काटा हिरव्या पट्ट्यात हवा. पिन आणि सील जागेवर, नळीला चीर नको. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो. तो वजन करूनच तपासतात.

घरासाठी कोणता घ्यायचा? आयएसआय मार्कचा एबीसी पावडरवाला. लाकूड, कपडे, पेट्रोल, गॅस, विजेची उपकरणं, सगळ्याला चालतो. पण कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पावडरचा झोत नको, तेल उडतं. पाणी तर अजिबात नको, भडका उडेल! हात पोचत असेल तर गॅस बंद करा, वर झाकण ठेवा आणि गार होईपर्यंत उचलू नका.

आता वापरायचा कसा? पिन ओढा. सहा-आठ फुटांवर उभे राहा. नळी ज्वाळांवर नाही, आगीच्या बुडाशी धरा. दांडा दाबा आणि झोत डावीकडून उजवीकडे फिरवा. बाहेरचं दार मात्र कायम तुमच्या पाठीशी हवं.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: दोन किलोचा सिलिंडर जेमतेम ८-१० सेकंद चालतो. कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल तर प्रयत्न करा. पडद्यावरून छताला पोचली, खोलीत धूर भरला, किंवा ई-स्कूटरची बॅटरी पेटली, तर हिरो बनू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, लिफ्ट टाळा, १०१ किंवा ११२ लावा.

एकदा दाबला, अगदी सेकंदभर जरी, तरी रिफिल करायलाच हवा. नंतर दाब हळूहळू निघून जातो.

शेवटचं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या इमारतींना दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. सेक्रेटरी काकांना विचारा, आपलं दिलंय का?

आमच्या मजल्यावरचा सिलिंडर रिफिलला गेलाय. तुमचा काटा कुठे आहे? जाऊन बघा, मग भेटू पुढच्या भागात!