दहास त्रेचाळीस

जालन्याच्या पोलाद धंद्याला भंगार लागते. औद्योगिक वसाहतीतल्या इंडक्शन भट्ट्यांत ते वितळते, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून बांधकामाच्या सळया बाहेर पडतात. अशा भंगारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे मागचे ॲक्सलही येऊ शकतात. तिथे त्यांची किंमत किलोवर ठरते. पण ॲक्सलच्या पोटात दात्यांच्या दोन चाकांची एक जोडी असते. तिचा आकडा कळला, तर तोच लोखंडाचा गोळा साठ-सत्तर वर्षांच्या स्पोर्ट्‌स कारला पुन्हा रस्त्यावर आणू शकतो. तो आकडा खात्रीने कसा ओळखायचा, हे मेकॅनिकला, जुन्या गाडीच्या मालकाला आणि भंगारवाल्यालाही ठाऊक असायला हवे.

आकडा कशाचा?

इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समधून लांब शाफ्टवर येते. शाफ्टच्या टोकाला पिनियन असते आणि ते मोठ्या क्राउनला फिरवते. पिनियनला १० दाते आणि क्राउनला ४३ असतील, तर शाफ्टच्या ४.३ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. हाच मागच्या ॲक्सलचा रेशो. आकडा मोठा असेल तर गाडी जोमाने ओढते, पण इंजिनाला जास्त फिरावे लागते. आकडा लहान असेल तर सपाट रस्त्यावर इंजिन निवांत चालते आणि चढावर लवकर दमते. गिअरच्या सायकलवर चढण चढलेल्या कोणालाही हा हिशेब पायांतून कळलेला असतो.

ब्रिटनमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या एमजी गाड्यांचे रेशो ओळीने मांडले, तर एका काळाचा इतिहासच समोर येतो. १९४५ ते १९४९ या काळातल्या टीसीला ८ आणि ४१ दाते होते, म्हणजे ५.१२५. पुढच्या टीडीलाही तेच होते. १९५३च्या टीएफला ८ आणि ३९, म्हणजे ४.८७५. १९५५मध्ये आलेल्या एमजीएला १० आणि ४३. तिच्याच १९६१च्या १६०० मार्क टू आवृत्तीला १० आणि ४१. १९६२च्या एमजीबीला ११ आणि ४३, म्हणजे ३.९०९. याच काळात इंजिने १२५० सीसीपासून १७९८ सीसीपर्यंत वाढली. इंजिन बलवान होत गेले तशी ॲक्सलकडून घ्यायची मदत कमी करता आली.

या जोड्यांकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. १० आणि ४३, १० आणि ४१, ११ आणि ४३ यांच्यात एकही सामाईक भाजक नाही. ही जुळणी मुद्दाम केलेली असते. १० आणि ४० दाते ठेवले, तर पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या ठरावीक चारच दात्यांना पुन्हा पुन्हा भिडेल आणि एखादा खडबडीत दाता त्याच जागी झीज करत राहील. सामाईक भाजक नसला की प्रत्येक दाता आळीपाळीने समोरच्या सगळ्या दात्यांना भेटतो आणि झीज सारखी होते. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून बदलताना दोन्ही एकत्रच बदलावे लागतात.

पुस्तकावर का विसंबू नये?

मॅन्युअलमध्ये रेशो छापलेला असतो, मग मोजायचे कशाला? भारतात याचे उत्तर गाड्यांच्या नात्यागोत्यात आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि इथे राहिलेल्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांना सुटे भाग मिळणे अवघड झाले. मात्र १९५७पासून हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर रस्त्यावर होती. ती मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली होती आणि पुढे तिला बीएमसीच्या बी मालिकेचे १४८९ सीसीचे इंजिन मिळाले. पहिल्या एमजीएचे इंजिन याच मालिकेचे आणि याच मापाचे होते. मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड तयार होत होती, आणि ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार हेराल्डच्याच यांत्रिक भागांवर उभी होती. घराण्यातल्या गाडीचा भाग स्पोर्ट्‌स कारला बसवून वेळ निभावणे हा गॅरेजमधला शहाणपणा होता. त्या शहाणपणामुळे गाड्या जगल्या, पण पुस्तकातला आकडा आणि पोटातला आकडा एकच असेल याची हमी उरली नाही.

महाराष्ट्रातच तयार झालेल्या स्पोर्ट्‌स कारचीही हीच गोष्ट आहे. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने रोडस्टर १.८ एस ही फायबरग्लासच्या बॉडीची गाडी इसुझूचे १.८ लिटर इंजिन घालून बनवली. छोटा उत्पादक इंजिनासारखे मोठे भाग दुसऱ्या गाड्यांतून घेतो. अशा गाडीच्या बाबतीत तर प्रत्यक्ष मोजणी हाच भरवशाचा दाखला.

हाताने मोजणी

सपाट, कडक जागेवर गाडी उभी करावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावेत. मागची बाजू उचलून ॲक्सलखाली घोड्या द्याव्यात; नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही हात घालू नये. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. शाफ्टवर आणि चाकावर खडूने खूण करावी.

एक माणूस डावे चाक आणि दुसरा उजवे चाक एकाच दिशेने, बरोबरीने १० फेऱ्या फिरवील, आणि तिसरा शाफ्टच्या फेऱ्या मोजील. ४३ आल्या तर रेशो ४.३, ४१ आल्या तर ४.१, ३९ला थोड्या वर गेल्या तर ३.९०९. एकाच फेरीवर भागवले तर ४.१ आणि ४.३ यांची गल्लत सहज होते.

माणसे कमी असतील तर एकच चाक उचलावे आणि दुसरे जमिनीवर राहू द्यावे. मात्र आता उचललेले चाक १० नव्हे, २० फेऱ्या फिरवायचे. डिफ्रेन्शियल दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी धरते. एक चाक थांबले असेल तर दुसऱ्याच्या २० फेऱ्यांत क्राउन १० वेळाच फिरतो. हा नियम विसरला की रेशो निम्मा येतो. दोन्ही चाके उचलून एकच फिरवल्यावर दुसरे उलट दिशेने फिरले, तर डिफ्रेन्शियल साधे आहे. तेही त्याच दिशेने जोरात फिरले, तर आत लिमिटेड स्लिपची यंत्रणा असण्याची शक्यता आहे.

शेवटचा शब्द दात्यांचा

फेऱ्या मोजूनही काही आकडे एकमेकांना चिकटलेले राहतात. ४१ भागिले १० म्हणजे ४.१, तर स्पिटफायरचे ३७ भागिले ९ म्हणजे ४.१११. दहा फेऱ्यांत हा फरक शाफ्टच्या एका फेरीच्या नवव्या भागाएवढाच दिसतो. इथे दातेच मोजावे लागतात. एमजीबी जीटीच्या आणि १९६७नंतरच्या एमजीबी रोडस्टरच्या ॲक्सलला मागे झाकण आहे. ऑइल काढून ते उघडले की क्राउन समोर दिसतो. एमजीएच्या आणि सुरुवातीच्या एमजीबी रोडस्टरच्या बँजो ॲक्सलमध्ये मात्र हाफशाफ्ट ओढून आणि मुख्य शाफ्ट सोडवून आतला गोळा पुढून बाहेर घ्यावा लागतो.

क्राउनच्या एका दात्याला रंग लावून मोजायला सुरुवात करावी. पिनियन आत दडलेले असते, पण त्याचे दाते गणिताने मिळतात. क्राउनचे ४३ निघाले आणि फेऱ्यांनी ४.३च्या आसपास उत्तर दिले असेल, तर पिनियनचे १०च असणार. क्राउनवर १०/४३ असे कोरलेले आकडेही सापडू शकतात. पण धातूवर जोडीचा अनुक्रमांकही असू शकतो, म्हणून कोरीव आकड्याला दात्यांच्या मोजणीचा दुजोरा हवाच.

समृद्धीवरची परीक्षा

ॲक्सल न उघडता अंदाज घ्यायचा तर जालनेकरांच्या दारात उत्तम प्रयोगशाळा आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. आधी टायरवर खूण करून, गाडीत माणूस बसवून, चाक एक पूर्ण फेरी सरकवावे आणि जमिनीवरचे अंतर मोजावे. मग टॉप गिअरमध्ये स्थिर वेगाने जाताना सोबत्याने इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या आणि मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग टिपावा. फेऱ्यांना चाकाच्या मीटरमधल्या घेराने आणि ०.०६ने गुणून वेगाने भागले की रेशो मिळतो. घेर १.९६ मीटर, फेऱ्या ३०००, वेग ताशी ८२ किलोमीटर, तर उत्तर ४.३. हे गणित टॉप गिअर थेट, म्हणजे एकास एक असेल तेव्हाच खरे. एमजीबीचा ओव्हरड्राइव्ह त्या वेळी बंद हवा. गाडीच्या स्पीडोमीटरवर मात्र विसंबू नये. त्याची केबल गिअरबॉक्समधून येते, त्यामुळे ॲक्सल बदललेला असेल तर तो चुकीचाच वेग दाखवतो. जुना टॅकोमीटर पाच टक्के चुकला तरी ३.९०९ आणि ४.१ यांची अदलाबदल होते. म्हणून रस्त्यावरच्या परीक्षेने शंका घ्यावी; निकाल दात्यांवर सोडावा.

या सगळ्या खटाटोपाचे फळही याच रस्त्यावर मिळते. त्याच घेराच्या चाकांवर ताशी १०० किलोमीटरला ४.३ रेशोची गाडी मिनिटाला सुमारे ३६५० फेऱ्या घेते, ३.९०९ची सुमारे ३३२५. शंभर किलोमीटरच्या प्रवासात इंजिनाच्या जवळपास २०,००० फेऱ्या वाचतात. उलट भोकरदन-जाफराबादकडून अजिंठ्याच्या डोंगररांगेत शिरणाऱ्याला ४.३च सोयीचा, कारण चाकावरचा जोर दहा टक्क्यांनी अधिक मिळतो. यांपैकी कोणताही रेशो आपोआप चांगला किंवा वाईट ठरत नाही. मालकाला आपला आकडा माहीत असला, तरच त्याला निवड करता येते.

म्हणून दोन साध्या सवयी लागायला हव्यात. जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने दाते मोजून तो आकडा, तारीख आणि मोजण्याची पद्धत गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावी. आणि मोडीत आलेला ॲक्सल भट्टीकडे जाण्याआधी त्याच्या शाफ्टच्या फेऱ्या कोणीतरी मोजाव्यात, हाउसिंगवर खडूने तो आकडा लिहावा. त्याला लागतात दहा मिनिटे आणि दोन माणसे. एमजीएची १० आणि ४३ची मूळ जोडी आता कारखान्यातून बाहेर पडत नाही. भट्टीत गेलेली प्रत्येक जोडी कायमची कमी होते. सळईसाठी दुसरे लोखंड मिळेल.