उपनगरांच्या पाठीशी उभा डोंगर

मुलुंडचा भाऊ बोरिवलीच्या बहिणीकडे भाऊबीजेला निघाला म्हणजे काय करतो? गाडीने दादरला येतो, पूल चढतो, पूल उतरतो आणि दुसऱ्या गाडीने पुन्हा तितकाच उत्तरेला जातो. नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर दोन्ही घरांत अंतर सारे दहा-बारा किलोमीटरांचे! एवढा वळसा कशासाठी, असे त्याला विचारा; तो रेल्वेला बोल लावील. पण दोष रेल्वेचा नव्हे. मध्ये डोंगर उभा आहे.

भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटाची चित्रे आपण कौतुकाने पाहतो. चहूकडे निळे पाणी आणि मध्ये खडबडीत डोंगर! परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे राहणारे आपणही बेटकरीच आहोत, हे किती जणांच्या ध्यानात असते? उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची, दक्षिणेस माहीमची आणि पश्चिमेस अरबी समुद्र, असे हे साष्टी बेट. १८४५ साली माहीमचा बांध झाला, पुढे भरावही पडले आणि बेटपण पुसट झाले. डोंगर मात्र जागचा हलला नाही. कॉर्सिकाचे मोंते चिंतो २,७०६ मीटर उंच, तर आपले जांभूळमाळ अवघे ४६८. उंचीची बरोबरी करावयास जाऊ नये हे बरे! पण आपल्या डोंगराची थोरवी उंचीत नाहीच. ती पाण्यात आहे.

हा सारा ज्वालामुखीचा खडक. त्याचा नमुना पाहावयाचा तर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर जावे. साडेसहा कोटी वर्षांमागे निवालेल्या लाव्हाचे उभे खांब एकाला एक चिकटून दोनशे फूट उंच उभे आहेत. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे आणि पायथ्याला इमारतींची दाटी. खाणींनी चहूबाजूंनी पोखरूनही एवढा तुकडा उरला, हेच नशीब.

असल्या खडकात पाणी राखावे कसे, हे कान्हेरीच्या भिक्षूंकडून शिकावे. बोरिवलीच्या उद्यानाच्या दारातून आत सहा-सात किलोमीटर गेले की ही लेणी लागतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून हजारभर वर्षे येथे छिन्नी चालली आणि शंभरांहून अधिक लेणी झाली. सोपारा, कल्याण येथील व्यापाऱ्यांनी त्यांना दाने दिली. तसे लेख भिंतींवर आहेत. पाहुणे बहुधा तिसऱ्या लेण्यातील चैत्य आणि बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती पाहून परततात. त्यांनी जरा वर चढून पायाखाली पाहावे. कातळात बोटभर-वीतभर रुंदीचे पाट कोरलेले दिसतील. पावसाचे पाणी त्यांतून वाहत येऊन लेण्याच्या दाराशी कोरलेल्या टाक्यात उतरते. या टाक्याला पोढी म्हणतात. लेणे कोरणाऱ्याने राहण्याच्या खोलीबरोबरच पाण्याची सोयही केली. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड, हा कोकणचा हिशेब त्यांना नीट कळला होता.

तोच हिशेब पुढे मुंबईला करावा लागला. शहरातल्या विहिरी आणि तळी पुरेनात, तेव्हा याच डोंगरात बांध घालून १८६० साली विहार तलाव झाला आणि मुंबईला प्रथमच नळाने पाणी आले. १८७९ साली तुळशी झाला, पुढे पवई. एका अर्थाने या शहराने खोदलेल्या तीन मोठ्या पोढीच त्या! आज मुंबईचे बहुतेक पाणी दूरच्या धरणांतून येते. विहार-तुळशीचा वाटा अगदी थोडा. पण या तलावांच्या पाणलोटाला हात लावू दिला नाही, म्हणून भोवतालचे रान टिकले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे शंभरावर चौरस किलोमीटरांचे जंगल आज आपल्या पाठीशी आहे, त्यात या तलावांचे पुण्य मोठे आहे.

या रानात बिबटे आहेत, वारल्यांचे आणि मल्हार कोळ्यांचे पाडे आहेत, आणि कारवी आहे. सात वर्षे नुसती हिरवी राहून आठव्या वर्षी ती जांभळ्या फुलांनी उतू जाते. २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली. आता पुढच्या फुलोऱ्यासाठी २०३२ ची वाट पाहावयाची!

डोंगर रागावतोही. विहार आणि पवईच्या सांडव्यांतून मिठी नदी निघते, तुळशीकडून दहिसर नदी. मिठीला आपण नदी म्हणणेच सोडले होते. तिला गटार समजून तिच्या काठावर आणि पात्रातही भर घातली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ती आपली वाट मागावयास घरांत शिरली. भिक्षूंनी पाण्याला आधी वाट दिली आणि मग बिऱ्हाड केले. आपण आधी बिऱ्हाड केले.

आता गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली असे दोन बोगदे डोंगराखालून काढण्याचे काम हाती घेतले आहे. ते झाले म्हणजे दादरचा वळसा वाचेल, भाऊ काही मिनिटांत बहिणीच्या दारात पोहोचेल. याचा आनंद कोणाला होणार नाही? धास्ती एवढीच, की आज निदान वळसा घालताना डोंगर आहे हे जाणवते; उद्या तो डोक्यावरून निघून जाईल आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही.

तेव्हा ही दिवाळी सरण्यापूर्वी एक सकाळ काढावी. सोमवारी उद्यान बंद असते, तो वार टाळावा. पावसाळा नुकताच सरला आहे, पोढी अजून भरलेल्या असतील. कान्हेरीच्या माथ्यावर उभे राहून दोन्हीकडची उपनगरे पाहावीत आणि खाली उतरताना एका पोढीत वाकून बघावे. त्या पाण्यात आपलाच चेहरा दिसतो.