सर्व्हर धापा टाकतोय, पण कोणामुळे?

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये ‘सर्व्हर’ म्हटलं की थंडगार काचेची खोली डोळ्यांसमोर आणू नये. इथला सर्व्हर म्हणजे जीन्सच्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर, बिलबुकांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलेला एक कॅबिनेट. त्यावर टॅली, मालाचा स्टॉक, कारागिरांच्या पीसरेटचा हिशोब आणि सेठना घरून पाहता यावं म्हणून चोवीस तास उघडं ठेवलेलं रिमोट डेस्कटॉप. ज्यांचा माल ऑनलाइन विकला जातो, त्यांच्याकडे शिवाय एखादा भाड्याचा लिनक्स सर्व्हर. अंबरनाथच्या एमआयडीसीत किंवा बदलापूरच्या एखाद्या दवाखान्यात चित्र फारसं वेगळं नाही. असा सर्व्हर एके दिवशी गुदमरतो, एक बिल निघायला पाच मिनिटं लागतात आणि जमलेले चौघे चार निदानं करतात. त्यांतली बहुतेक निदानं चुकतात. पण महागात पडणारी चूक एकच असते : प्रोसेसर कोण खातंय आणि त्याला कोणी बसवलं हे न पाहताच त्याला मारून टाकणं.

“आयडल प्रोसेस ९६ टक्के खातेय, तीच बंद करा!”

विंडोजच्या टास्क मॅनेजरमधली ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ काहीच खात नाही. प्रोसेसर किती टक्के रिकामा बसलाय, एवढंच ती सांगते. ९६ म्हणजे मशीन निवांत आहे. तरीही सगळं संथ असेल तर दोष प्रोसेसरचा नाही. डिस्क, रॅम किंवा नेटवर्ककडे बघा.

“शंभर टक्के म्हणजे व्हायरसच.”

बहुतेक वेळा नाही. मार्चअखेरीला हिशोबाचा डेटा जुळवताना, बॅकअप चालू असताना, विंडोज अपडेट होताना प्रोसेसर शंभरावर जाणं हे त्याचं कामच आहे. विंडोजचा स्वतःचा व्हायरसशोधक, म्हणजे यादीत दिसणारं ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’, पूर्ण तपासणी करताना मशीन दमवतो आणि लोक नेमक्या त्यालाच व्हायरस समजून बंद करतात. वेबसाइटवाल्या सर्व्हरवर इंडेक्स नसलेली एखादी डेटाबेस क्वेरी किंवा रात्रभर पानं ओरबाडणारे शोधयंत्रांचे बॉट पुरेसे असतात.

कॅम्प ५ पुरतं एक खास कारण आहे आणि ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही : कापडाचं तूस. शिलाईच्या मशीनखालून उडणारं ते तलम तूस कॅबिनेटच्या पंख्यात आणि हीटसिंकच्या पट्ट्यांत जाऊन बसतं. आजकालचे प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की जळू नयेत म्हणून आपणहून वेग कमी करतात. वेग घटला की तेच काम जास्त वेळ चालतं आणि टास्क मॅनेजर मात्र ‘प्रोसेसर भरला’ असं दाखवतो. मे महिन्यात, पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर, याचं निदान ‘नवा व्हायरस’ असं होतं. इलाज असतो ब्रश आणि ब्लोअर. तेव्हा तपास कॅबिनेटचं झाकण उघडून सुरू केला तरी कमीपणा नाही.

लिनक्सवर गोंधळ वेगळा. तिथे ‘टॉप’ ही आज्ञा दिली की पहिल्या ओळीत लोड ॲव्हरेजचे तीन आकडे येतात : गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांची सरासरी. हा आकडा म्हणजे प्रोसेसरचा वापर नव्हे. सकाळी बदलापूरच्या फलाटावर किती माणसं उभी आहेत हे मोजून लोकल किती भरधाव जातेय ते कळत नाही, तसंच हे. लिनक्स या आकड्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरतो. म्हणून लोड २० आणि प्रोसेसर जवळपास रिकामा, असंही दिसू शकतं. अशा वेळी त्याच पडद्यावरचा ‘डब्ल्यूए’ हा आकडा वाढलेला असतो आणि हार्डडिस्क मरायला टेकलेली असू शकते. भाड्याच्या सर्व्हरवर ‘एसटी’ हा आकडा फुगला असेल, तर आपला वाटा त्याच यंत्रावरचे शेजारी खातायत. तक्रार भाड्याने देणाऱ्याकडे करायची. आणि ‘टॉप’मध्ये एखाद्या प्रोसेसपुढे ३९८ टक्के दिसले तर डोळे चोळू नका. तिथे एका कोअरचे शंभर धरतात. चार कोअरच्या यंत्राला चारशे ही कमाल.

“नाव सिस्टीमचं आहे, म्हणजे ते आपलंच.”

लिनक्सच्या गाभ्यात ‘केडेव्हटीएमपीएफएस’ नावाचा एक प्रामाणिक नोकर असतो. २०२० पासून जगभरच्या सर्व्हरवर त्याचा एक तोतया सापडतो : ‘केडेव्हटीएमपीएफएसआय’. शेवटी एक ‘आय’ जास्त. घाईत वाचणाऱ्याला तो दिसत नाही, आणि नाव ठेवणाऱ्याचा हिशोब तोच असतो. हा तोतया म्हणजे आभासी चलन खणणारा मायनर आणि त्याला आणून बसवणाऱ्या, त्याची राखण करणाऱ्या साथीदाराचं नाव ‘किनसिंग’.

तोतया ओळखायचा नावावरून नाही, घरपत्त्यावरून. ‘पीएस’ या आज्ञेच्या यादीत गाभ्याचे खरे धागे चौकटी कंसात येतात, त्यांच्या पालकाचा क्रमांक २ असतो आणि त्यांच्यामागे डिस्कवरची कुठलीही फाइल नसते. संशयिताचा क्रमांक घ्या आणि ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या क्रमांकाखालची ‘एक्झी’ ही दुवा-नोंद पाहा. ती तात्पुरत्या फायलींच्या ‘टीएमपी’ फोल्डरकडे बोट दाखवत असेल आणि पुढे ‘डिलीटेड’ असं लिहिलेलं असेल, तर चोर पकडला समजा. कंस नावात कोणीही घालू शकतो. ही नोंद खोटी पाडणं तितकं सोपं नाही. बरं, फाइल पुसलेली असली तरी प्रोसेस जिवंत असेतो त्याच दुव्यावरून तिची प्रत काढता येते. पुढच्या तपासाला ती लागते.

विंडोजवर ‘एसव्हीसीहोस्ट’ एकाच वेळी डझनभर दिसतात, त्यात काही वावगं नाही. उजवी टिचकी मारून फाइल कुठे आहे ते उघडा. विंडोजच्या ‘सिस्टीम३२’ फोल्डरऐवजी ती कुणाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये किंवा ‘ॲपडेटा’त निघाली, तर ती एसव्हीसीहोस्ट नव्हे.

“आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?”

प्रोसेसर आहे. वीज आहे. एवढं पुरतं.

लोकांना वाटतं की ही मंडळी बिटकॉइन खणतात. बिटकॉइन खणायला आता खास चिपची यंत्रं लागतात. पोटमाळ्यावरच्या कॅबिनेटमधून त्यात दमडी सुटत नाही. या चोरांचं आवडतं चलन मोनेरो. ते २०१४ साली आलं, त्याचे व्यवहार मागे जाऊन शोधणं कठीण, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याने स्वीकारलेली ‘रँडमएक्स’ ही गणनपद्धत मुद्दामच साध्या प्रोसेसरला सोयीची बनवली आहे. खणण्याचं साधन ‘एक्सएमरिग’ उघड, फुकट आणि कायदेशीर आहे. गुन्हा आहे तो दुसऱ्याच्या यंत्रावर, त्याला न विचारता चालवण्यात. एका यंत्रातून मिळकत चिल्लर. पण वीजबिल कारखानदाराने भरायचं आणि यंत्रं लाखो.

लाखो ही अतिशयोक्ती नाही. ‘स्मोमिनरू’ नावाच्या अशाच एका जाळ्यात ५ लाख २६ हजारांहून अधिक विंडोज यंत्रं अडकल्याचं प्रूफपॉइंट या सुरक्षा कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं. त्यांतली बहुतेक सर्व्हर होती आणि सर्वांत जास्त रशिया, भारत व तैवानमधली. ज्या भगदाडातून हे जाळं शिरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच देऊन ठेवलं होतं. २०१८ मध्येच मुंबईत मुख्यालय असलेल्या आदित्य बिर्ला समूहाच्या दोन हजारांहून अधिक संगणकांवर असं चोरटं मायनिंग झाल्याची बातमी आली होती. म्हणजे मोठे सुटत नाहीत आणि लहानांना कोणी निवडून गाठत नाही. प्रोग्राम अख्ख्या इंटरनेटवर दारं ढकलत फिरतो : रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट ३३८९, पासवर्ड न घातलेल्या रेडिस डेटाबेसचं ६३७९, उघड्या डॉकरचं २३७५. जे उघडलं, ते त्याचं.

दुसरी वाट आपणच करून देतो. पॅटर्न कापायच्या सॉफ्टवेअरचा ‘क्रॅक’ किंवा विंडोजचा फुकट ‘ॲक्टिव्हेटर’ चालवताना व्हायरसशोधक बंद करायला सांगतात, आणि आपण तो निमूटपणे बंद करतो. लायसन्सचे पैसे वाचल्याचा आनंद वीजबिलात फेडावा लागतो.

“टास्क मॅनेजरमध्ये तर सगळं ठीक दिसतंय.”

काही मायनर टास्क मॅनेजर उघडताक्षणी स्वतःच थांबतात आणि बंद केला की पुन्हा सुरू होतात. लिनक्सवर ‘एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोड’ या फायलीत एक ओळ घालून ‘टॉप’ आणि ‘पीएस’ला आंधळं करता येतं. प्रोसेसर तापलेला आणि यादीत कोणीच नाही, असं दिसलं तर आधी ती फाइल उघडा. सहसा ती असतच नाही किंवा रिकामी असते. काही जण मुळातच हात आखडून खातात. फेब्रुवारी २०१८ मध्ये टेस्लाच्या क्लाउडवर मायनर सापडला; नियंत्रण-पडद्याला पासवर्डच नव्हता, आणि शिरलेल्यांनी संशय येऊ नये म्हणून प्रोसेसरचा वापर मुद्दाम कमी ठेवला होता.

म्हणून आकडा किती मोठा, यापेक्षा तो नेहमीपेक्षा वेगळा का, हे विचारावं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होते. लॉगिन सांभाळणारा ‘एसएसएचडी’ उगाच प्रोसेसर खातोय आणि लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांना खटकलं. धागा ओढत गेले तेव्हा ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेलं चोरदार निघालं. हेच इथे लावून पाहा : उल्हासनगरात शुक्रवारी बाजार बंद असतो. कारखान्यात चिटपाखरू नसताना सर्व्हरचा पंखा घोंघावत असेल, तर त्या दिवशीचा आलेख सोमवारच्या आलेखाशेजारी ठेवून पाहा.

“किल केलं, नाही जमलं, फॉरमॅट मारला. विषय संपला.”

किल केलेला मायनर मिनिटभरात परत येतो, कारण वेळापत्रकाच्या ‘क्रॉन’मध्ये दर मिनिटाला बाहेरून स्क्रिप्ट आणून चालवण्याची ओळ घातलेली असते. ती पुसली तर सिस्टीमडीची एखादी सर्व्हिस त्याला उठवते. तीही काढली तर ‘ऑथोराइज्ड कीज’मध्ये त्यांची किल्ली असतेच. कधी फाइल पुसायला जावं तर ‘रूट’ हे सर्वाधिकारी खातं वापरूनही पुसली जात नाही. तिच्यावर ‘चॅटर’ने कुलूप घातलेलं असतं, ते आधी काढावं लागतं. गंमत म्हणजे किनसिंगसारखे प्रोग्राम शिरताक्षणी आधीच्या मायनरना शोधून मारतात. ‘आपोआप बरं झालं’ असं वाटलेल्या सर्व्हरचा नुसता मालक बदललेला असू शकतो.

माझ्या मते क्रम असा असावा. आधी नेटवर्कची वायर काढा. वीज नको, कारण बंद केल्यावर मेमरीतला पुरावा जातो. मग प्रोसेस मारू नका, ‘स्टॉप’ संदेश देऊन गोठवा. प्रोसेसर मोकळा होतो आणि राखणदाराला ती जिवंतच दिसत राहते. गोठलेल्या प्रोसेसचा घरपत्ता, पालक, सुरू झाल्याची वेळ आणि ती कुठल्या पत्त्याशी बोलत होती, हे टिपून घ्या. क्रॉन, सर्व्हिसेस, किल्ल्या आणि लॉग दुसऱ्या डिस्कवर उतरवा. सुरू झाल्याच्या वेळेवरून लॉगमध्ये मागे गेलं की शिरकावाची वाट बहुधा सापडते.

नव्याने विंडोज किंवा लिनक्स टाकणं त्यानंतर, आणि ते टाकावंच. एकदा रूटचा ताबा गेलेल्या यंत्रात काय काय राहिलंय, याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग तसंच ठेवून, तोच पासवर्ड, तोच क्रॅक आणि तोच पेनड्राइव्ह वापरून फॉरमॅट मारला, तर पाहुणा त्याच वाटेने येतो. घरून बघायची सोय हवी असेल तर रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनच्या आड घाला. पासवर्ड बदला, तेही दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. बॅकअपमधून फक्त डेटा परत घ्या, प्रोग्राम नव्हे.

आणि कळवा. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि सर्व्हरचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. छोट्या उद्योगांना त्या वेळी तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. ती कधीच संपली. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फॉरमॅट मारून लॉग उडवलेले असतील, तर तक्रार लिहून घेणाऱ्या पोलिसाला दाखवायला हातात उरतं ते फक्त वीजबिल.