विश्लेषण : वर्गात शिकवायला कोणते ऑनलाइन सादरीकरण साधन निवडावे?

गूगल स्लाइड्स, पॉवरपॉइंट, कॅन्वा, प्रेझी, मेंटिमीटर... शिक्षकांसमोर पर्यायांची कमी नाही. मात्र ३५ मिनिटांच्या तासात दहा मिनिटे लॉग-इन करण्यात आणि फाइल उघडण्यात गेली, तर त्यापेक्षा खडू-फळा बरा. मग निवड कशाच्या आधारे करायची?

चेंबूरमध्ये गरजा वेगळ्या कशा?

चेंबूरमध्ये महापालिकेच्या शाळा आहेत, विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचे शाळेपासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंतचे जाळे आहे आणि जवळच देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. महाविद्यालयात प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, त्यामुळे थेट प्रश्न विचारून पडद्यावर उत्तरे दाखवणारी साधने चालतात. शाळेच्या वर्गात मुलांकडे मोबाइल नसतो. महापालिका तर मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत शिकवते. म्हणून ‘सर्वोत्तम साधन कोणते’ यापेक्षा ‘माझ्या वर्गात कोणते चालेल’ हा प्रश्न महत्त्वाचा.

कोणते साधन कशासाठी?

गूगल स्लाइड्स आणि पॉवरपॉइंटची वेब आवृत्ती मोफत आहे. एकाच इयत्तेच्या दोन-तीन शिक्षकांना मिळून धडा तयार करायचा असेल, तर ही साधने सोयीची. कॅन्वात तयार नमुने भरपूर. शालेय शिक्षकांसाठी त्याची मोफत शैक्षणिक आवृत्ती आहे, पण त्यासाठी शिक्षक असल्याची पडताळणी करावी लागते. नकाशा, कालरेषा किंवा पचनसंस्था अशा ‘पूर्ण चित्रातून भागाकडे’ जाणाऱ्या विषयांना प्रेझी शोभते. मात्र मोफत योजनेत सादरीकरण सर्वांना दिसते. मेंटिमीटर मोबाइलवरून उत्तरे गोळा करते, पण मोफत योजनेत महिन्याला सहभागींच्या संख्येची मर्यादा आहे. मुलांकडे मोबाइल नसेल तर प्लिकर्स उपयोगी. मुले कागदी कार्ड वर धरतात आणि शिक्षक आपल्या मोबाइलने ती टिपून घेतात.

नेट गेले तर?

बहुतेक तासांचा विचका इथेच होतो. गूगल स्लाइड्स ऑफलाइन चालते, पण ती सोय ब्राउझरमध्ये आधीच सुरू करून ठेवावी लागते. नेट गेल्यावर ती सुरू करता येत नाही. लिब्रेऑफिस इम्प्रेस हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावरच चालते, त्याला नेट लागत नाही. साधन कोणतेही असो, धड्याची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर असावी. पीडीएफमध्ये अॅनिमेशन आणि व्हिडिओ चालणार नाहीत, पण धडा अडणार नाही.

मराठी अक्षरे का बिघडतात?

जुने टिपण अनेकदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले असते. ते ऑनलाइन साधनात चिकटवले की निरर्थक चिन्हे दिसतात. त्यामुळे मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. दुसरी अडचण मराठी वळणाची. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. पहिली-दुसरीच्या वर्गात पाठ्यपुस्तकात एक आणि पडद्यावर दुसरे अक्षर दिसले, तर मूल गोंधळते. गूगल फॉन्ट्सवरचा ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मराठी वळण लक्षात घेऊन केलेला आहे. निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द टंकून पाहावेत. त्यातला अर्धा र नीट उमटतो का, हे लगेच कळते.

साधनच बंद झाले तर?

जॅमबोर्डचे उदाहरण ताजे आहे. करोनाकाळात गूगलचा हा डिजिटल फळा अनेक शिक्षकांच्या हाताशी आला होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर नवे काही लिहिणे थांबले आणि ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंद झाला. ‘मोफत’ म्हणजे ‘कायमचे’ नव्हे, हा त्यातला धडा. म्हणून साधन निवडताना फाइल पीपीटीएक्स किंवा पीडीएफमध्ये उतरवता येते का, हे आधी पाहावे. वर्षभराची मेहनत एकाच खात्यात अडकून राहू नये.

मुलांच्या माहितीचे काय?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती ‘बालक’ ठरते. तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद या कायद्यात आहे. त्यामुळे मुलांना स्वतंत्र खाती काढायला न लावता चालणारे साधन शाळेसाठी अधिक सुरक्षित. नावाऐवजी हजेरी क्रमांक वापरावा. मुलांचे फोटो सार्वजनिक सादरीकरणात टाकू नयेत.

मग सुरुवात कुठून?

दरवेळी सगळे नव्याने करण्याची गरज नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात, पुस्तकांतील क्यूआर कोडमधून ‘दीक्षा’वरील साहित्य उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. त्यांच्या कामात झगमगीत स्लाइड नव्हत्या, हाती असलेल्या पुस्तकाला जोडलेला एक चौकोन होता. एक साधन निवडावे, एक धडा तयार करावा आणि रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून तो वाचून पाहावा. तिथून अक्षर दिसत नसेल, तर साधन बदलण्याआधी अक्षर मोठे करावे आणि मजकूर निम्मा.