हप्ता भरला; मुलाचे काय?

बँकेत शैक्षणिक कर्जाचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. एकदा आमचे जुने खातेदार, कापडाचे घाऊक व्यापारी, मुलाच्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या शुल्कासाठी कर्जाचा पुढील हप्ता मागण्यास आले. नियमानुसार मी मागील वर्षाची गुणपत्रिका मागितली. ती त्यांच्याकडे नव्हती. पुण्यास महाविद्यालयात फोन केला तेव्हा उलगडा झाला. मुलगा दोन सत्रे परीक्षेलाच बसला नव्हता. वसतिगृहाच्या खोलीत दिवसचे दिवस पडून असे आणि दर रविवारी घरी ‘सर्व ठीक आहे’ म्हणून सांगे.

शेठजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साहेब, हे कोणाला कळणार तर नाही ना? मुलीची सोयरीक चालू आहे.”

मला त्या प्रश्नाचा राग आला नाही. पत गेली की पेढी गेली, असे ऐकतच आपण वाढलो. पण रोजमेळ जुळल्याखेरीज रात्री दुकान न मिटणारे आपण, परगावी शिकणाऱ्या मुलाला केवळ गुण विचारतो. सन 2022 मध्ये देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होते.

कर्जाची चिंता मी तेथेच दूर केली. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण न झाल्यास आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. बँक देते तेवढी सवड घरानेही द्यावी, एवढेच मी सुचवले. (वसुलीच्या खुर्चीत बसून असे बोलणे थोडे विचित्रच वाटले!)

मानसोपचारतज्ज्ञ शोधण्यात त्या वेळी आठ दिवस गेले. आज तसे होऊ नये. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. पालकही तेथे सल्ला घेऊ शकतात. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बजावले आहे. प्रवेशाच्या दिवशीच शुल्काच्या पावतीबरोबर त्यांचे नाव व भेटीची वेळ लिहून घ्यावी. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा रुग्णाचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मान्य केला आहे; तेव्हा बोभाट्याच्या भीतीने डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

मुलगा फोन टाळू लागला, त्याची झोप-भूक बिघडली, प्रिय वस्तू वाटून टाकू लागला, तर गाडी काढून त्याच्याकडे जावे. ‘जीव नकोसा झाला आहे का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आल्यास त्याला एकटे न सोडता थेट रुग्णालय गाठावे. उपदेश नंतर, किंबहुना नकोच.

शेठजींनी त्याच दिवशी दुकान मुनीमजींवर सोपवून पुणे गाठले. मुलाला पदवी मिळण्यास सहा वर्षे लागली. सोयरीक मोडली नाही. व्याह्यांना त्यांनी स्वतःच जाऊन सारे सांगितले होते.