पाटे वाढविले, पण ब्रेकचे काय?



गळीत हंगाम तोंडावर आला की गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत ठिणग्या उडू लागतात. कुणाच्या ट्रॉलीला उंच दांड्या, कुणाच्या पिकअपला वाढीव पाटे, तर कुणाच्या जीपला टपावर कॅरियर. गाडी कंपनीतून कशीही येवो, ती आपल्या कामासारखी करून घेतल्याशिवाय शेतकऱ्याला चैन पडत नाही. यात वावगे काही नाही. ज्याने मोट सोडून पंप बसविला आणि लाकडी चाक काढून टायरगाडी केली, तो गाडीलाही हात लावणारच. मात्र हात कुठे लावावा आणि कुठे लावू नये, याचा विचार हंगामाआधीच व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

घाटातली गाडी

आपल्यापैकी पुष्कळजण दर्शनाला त्र्यंबकेश्वरी जातात. तिथून पश्चिमेला तोरंगणचा घाट उतरला की मोखाडा लागते आणि पुढे जव्हार. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. इथे आपल्यासारखा ऊस नाही. डोंगरउतारावर भात, नागली, वरई. अलीकडे बऱ्याच जणांनी मोगरा लावला आहे आणि त्याची फुले पार दादरच्या बाजारापर्यंत जातात. पाऊस धो धो, वस्ती पाड्यापाड्यांवर विखुरलेली, रस्ता म्हणजे चढ, उतार आणि वळण.

अशा मुलखात जीप आणि पिकअप ही चैनीची वस्तू राहत नाही. बाजार, दवाखाना, शाळा, सगळे तिच्यावर. मग गाडीचे रूपही गरजेप्रमाणे बदलते. मागे समोरासमोर बाकडी, टपावर कॅरियर, त्यावर चढायला शिडी, मागे उभे राहायला लोखंडी पायरी, पावसाला ताडपत्रीचे छप्पर, धुक्यासाठी पुढे पिवळा दिवा. दिवाळी सरली की इथली कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामाला भिवंडी, कल्याण, वसईकडे निघतात. तेव्हा एकाच हौद्यात भांडीकुंडी, धान्य, कोंबड्या आणि लेकरेबाळे असतात.

हे वाचताना आपल्या ऊसतोड टोळ्या डोळ्यांसमोर आल्या असतील. त्याही अशाच येतात, ट्रॉलीत संसार भरून. म्हणूनच घाटातली गोष्ट आपण सपाटीवाल्यांनीही समजून घेतली पाहिजे.

वजन वाढते, रोखण्याची ताकद नाही

मागच्या पाट्यांत दोन पाटे जादा घातले की गाडी बसत नाही, ताठ उभी राहते. मालक खूश होतो, कारण माल जास्त मावतो. पण पाटा फक्त वजन उचलतो, थांबवत नाही. ब्रेकचे ड्रम, लायनर, ॲक्सल आणि टायर तेच राहतात. हिशेब सोपा आहे. वजन दुप्पट झाले की गाडी थांबवायला दुप्पट जोर लागतो, आणि वेग दुप्पट झाला की चौपट. हा सारा जोर ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते आणि मग पेडल कितीही दाबा, गाडी ऐकत नाही.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगत आले की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कुणी तर इंजिनच बंद करतात. यात इंजिनचा आवर जातोच, शिवाय ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनवर चालत असल्याने दोन-चार वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. चार रुपयांच्या डिझेलसाठी एवढी जोखीम कशाला?

टपावरच्या ओझ्याचेही तसेच. ओझे जितके उंच, तितकी गाडी वळणावर लवकर कलंडते. आणि मागच्या चाकांच्या पलीकडे पायरीवर चार माणसे लोंबकळली की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल पडते.

आपल्या ट्रॉलीचे काय?

आपल्याकडे घाट नसला तरी कॅनॉलचा चढ आहे, ओढ्याचा उतार आहे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. दोन ट्रॉल्या उसाने भरल्या की उतारावर त्याच ट्रॅक्टरला ढकलत नेतात. अशा वेळी ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकपेडलांना जोडणारा खटका लावलेला नसेल, तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. शेतातले वळण संपून रस्त्याला लागताच हा खटका लावलाच पाहिजे. चढावर पुढची चाके उचलतात म्हणून साखळी वर बांधणारेही आहेत. ओढ हुकाच्या वर गेली की ट्रॅक्टर मागे उलटतो, हे त्यांना कुणीतरी सांगावे.

रात्रीचे तर विचारू नका. उसाचे वाढे मागे लोंबतात, त्यात दिवाही झाकतो आणि रिफ्लेक्टरही. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती अंगावर आल्यावरच. दोन ट्रॉल्यांच्या मागे वाढ्यांबाहेर येईल असा दिवा आणि लाल पट्टी लावणे, ही खरी सुधारणा. तिला वेल्डरची अर्ध्या दिवसाची मजुरी लागते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आर. सी. बुकातील आणि कंपनीने ठरविलेली माहिती बदलेल असा फेरफार मालकाने करावयाचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जादा वजनासाठी कायद्यात वीस हजार रुपये आणि वरच्या दर टनाला दोन हजार असा दंड आहे. मान्यताप्राप्त सी. एन. जी. किट अधिकृत ठिकाणी बसवून आर. सी. वर नोंद करून घेतली, तर मात्र ती रीतसर ठरते.

दंड एक वेळ भरता येईल. विम्याचे काय? न कळविलेला फेरफार हे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकते. शिवाय मालवाहू गाडीत फुकट बसविलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकाल आहे. म्हणजे लग्नाचे वऱ्हाड भरून नेलेली पिकअप उलटली, तर बोजा मालकाच्या जमिनीवर येतो. जीव गेलेला तर परत येतच नाही.

डोके चालवायला मनाई नाही

याचा अर्थ हातात कला असून गप्प बसावे असा नव्हे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. त्याच गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जमवून, सुमारे साठ हजार रुपयांत, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनविली. डिसेंबर २०२१ मध्ये ती देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, पण ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडविली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. कौतुक आणि नियम, दोन्ही आपापल्या जागी राहिले.

दुसरे उदाहरण तर थेट आपल्या उसाचे. राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या जुवाखाली तिसऱ्या चाकाचा आधार बसविला. २०२२ साली त्याची बरीच चर्चा झाली. उसाच्या गाडीचा भार बैलाच्या मानेवर न येता त्या चाकावर जावा, ही कल्पना. इथे फेरफार जादा माल कोंबण्यासाठी नव्हता, मुक्या जनावराचे ओझे कमी करण्यासाठी होता. चांगला बदल ओळखायचा तो असा.

हंगामाआधी एवढे कराच

१. ब्रेकचे लायनर, हुकाची पिन आणि टायर जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या.
२. चासीला भोक किंवा वेल्डिंग करू नका. पाटे वाढविण्यापेक्षा एक खेप वाढवा.
३. दोन्ही ट्रॉल्यांना मागे दिवा आणि रिफ्लेक्टर लावा, वाढे आवरून बांधा.
४. टोळी आणताना माणसे आणि सामान वेगळे आणा. लेकरे उसावर किंवा हुकावर बसू देऊ नका.
५. आर. सी., विमा आणि लायसन्स यांच्या तारखा आजच पाहा.

जव्हारच्या घाटातला ड्रायव्हर दर वळणावर हॉर्न देतो, कारण पलीकडून कोण येतेय हे त्याला दिसत नाही. आपल्या सरळ रस्त्यावर सगळे दिसते, असे आपल्याला वाटते. उसाच्या दोन पैशांसाठी वर्षभर राबणाऱ्या सभासदाने शेवटच्या दहा मैलांत घाई करू नये, एवढीच आमची विनंती. गाडी जरूर सजवा, सुधारा, पण आधी ती थांबते ना, हे पाहा. हंगाम सर्वांना सुखरूप जावो.