ओकची साल निघतेय: झाड तोडायचं की थांबायचं?

सह्याद्रीत ओक आपोआप उगवत नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी फारशी ओळख नाही. पण अमेरिकेत ज्यांच्या घरामागे ओक उभा आहे, त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच: साल विचित्र दिसतेय, झाड मरतंय का? घाईनं तोडलं तर कित्येक दशकांची सावली जाते. दुर्लक्ष केलं तर वाळलेली फांदी छपरावर येते. म्हणून आज आपण निदानाची रीत बघू.

पहिली खूण. पांढऱ्या ओकच्या खडबडीत सालीवर मध्येच फिकट, गुळगुळीत ठिगळं दिसतात. ही बुरशी सालीच्या फक्त बाहेरच्या, मेलेल्या थरावर जगते. आतला जिवंत थर शाबूत असतो. इथे औषधाची गरज नाही.

दुसरी खूण वरवर तशीच, पण अर्थ उलटा. सालीचे तुकडे बुंध्याशी गळून पडलेत आणि उघड्या जागी आधी तपकिरी भुकटी, मग करडा किंवा काळा कडक पापुद्रा दिसतोय. ही हायपोझायलॉन बुरशी. दुष्काळ पडला, बांधकामात मुळं तुटली किंवा मुळांवर मातीचा भराव पडला, की खचलेल्या झाडावर ती उसळते. तिच्यावर औषध नाही. पापुद्रा मुख्य खोडावर असेल तर आतलं लाकूड कमकुवत झालेलं असतं. अशा वेळी झाडांच्या जाणकाराला बोलवायलाच हवं.

तिसरी खूण, खोडातून झिरपणारं आंबट वासाचं पाणी. हे जिवाणूंचं काम. असं झाड वर्षानुवर्षं तग धरतं. पाणी काढायला भोक मात्र पाडू नका, ती नवी जखम होते. कॅलिफोर्निया आणि ऑरेगॉनच्या किनारपट्टीत मात्र जखम नसताना गडद तांबूस रस दिसला तर सावध व्हा. १९९०च्या दशकात तिथे लक्षात आलेला, ओक झपाट्यानं मारणारा फायटोफ्थोरा रॅमोरम हा रोग असू शकतो. तपासणी करून घ्या.

मग ठरवायचं कसं? नजर सालीवरून वर न्या. शेंडा हिरवा, पानं भरगच्च असतील, तर बहुधा थांबायला हरकत नाही. शेंड्याकडून फांद्या वाळत असतील, तर मुळांपाशी गेल्या काही वर्षांत काय झालं ते आठवा. कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

शेवटी एक पथ्य. ओक विल्ट असलेल्या भागात वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला छाटणी टाळा. ताज्या जखमेच्या रसावर येणारे भुंगेरे हा रोग पसरवतात, आणि लाल ओक काही आठवड्यांतच मरू शकतो. छाटणी हिवाळ्यात करा.